कालप्रवासाच्या लघुपटाचे तंत्र कसे तपासावे

दोन वर्षांपूर्वी सोलापुरात आमच्या गटाने कालप्रवासावरचा एक लघुपट एकत्र पाहिला आणि त्यानंतर दीड तास चर्चा रंगली. नातू भूतकाळात गेला तर आजोबा त्याला ओळखतील का, तिथली वस्तू त्याने इकडे आणली तर ती एकाच वेळी दोन ठिकाणी असेल का, असे प्रश्न सर्वांनी हिरिरीने मांडले. कॅमेरा कुठे ठेवला होता, कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणारी उडी, नेमका कधी झाला, कोणता आवाज कुठून येत होता, यांचा उल्लेख मात्र त्या दीड तासात एकदाही झाला नाही आणि चर्चा चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे असूनही ही उणीव मला घरी परतल्यावरच जाणवली. कथेतले कोडे सोडवणे हे एक काम आहे आणि चित्रपट ते कोडे कोणत्या साधनांनी घालतो हे तपासणे हे दुसरे काम आहे. पुढील मार्गदर्शन या दुसऱ्या कामासाठी आहे.

आमच्या शहरात मागावर बसलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना मूळ मुद्दा लवकर उमगेल. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा मागाचा भाग, डावीकडून उजवीकडे जातो आणि उजवीकडून डावीकडे परत येतो, पण कापड मात्र एकाच दिशेने वाढत राहते. चित्रपटाचेही असेच असते. कथा १९८२ मध्ये जाऊन परत येऊ शकते, तिथून पुन्हा १९५० मध्येही जाऊ शकते, परंतु पडद्यावरचे घड्याळ पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत सरळ पुढेच चालते. मागे-पुढे जाण्याचा भास दोन शॉट, म्हणजे कॅमेऱ्याने सलग टिपलेले दोन तुकडे, जिथे एकमेकांना जोडले जातात त्या सांध्यात निर्माण होतो, आणि म्हणून विश्लेषणाचा बराचसा वेळ या सांध्यांवर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणांसाठी मी दोन लघुपट वापरणार आहे. पहिला क्रिस मार्केर यांचा १९६२ मधील ‘ला जेते’ हा २८ मिनिटांचा फ्रेंच लघुपट, ज्यात एका माणसावर कालप्रवासाचे प्रयोग केले जातात. तो जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे, आणि त्याच्याच आधारे पुढे १९९५ मध्ये ‘ट्वेल्व्ह मंकीज’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. दुसरा आमच्याच गटातील एका विद्यार्थिनीने सोलापूरच्या पूर्व भागातील एका जुन्या घरात मोबाइलवर चित्रित केलेला ११ मिनिटांचा लघुपट, ज्यात पुण्याहून घरी आलेला तरुण आजोबांच्या बंद पडलेल्या हातमागाला हात लावतो आणि आजोबांच्या तरुणपणात, १९८२ मध्ये, जाऊन पोहोचतो.

पूर्वतयारी

तीस मिनिटांच्या आतला लघुपट निवडावा, कारण तो एका दिवसात पाच-सहा वेळा पूर्ण पाहता येतो आणि तेवढे पाहिल्याशिवाय पुढची कामे जमत नाहीत. संगणकावर व्हीएलसी प्लेअर असेल तर ‘ई’ ही कळ दाबून एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे जाता येते. यूट्यूबवर चित्र थांबवून पूर्णविरामाची कळ दाबल्यास एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाची कळ दाबल्यास एक फ्रेम मागे जाता येते. मोबाइलच्या पडद्यावर हे काम नीट होत नाही. हेडफोन मात्र आवश्यक आहेत, आणि मी एक साधी वही वापरतो, कारण पानावर रेघा मारून रकाने पाडणे मला संगणकापेक्षा सोयीचे वाटते.

पहिली पायरी: एकदा न थांबता पाहणे

पहिल्या वेळी वही बंद ठेवावी. लघुपट संपल्यावर लगेच पाच वाक्ये लिहावीत: कुठे गोंधळ झाला, कुठे अंगावर काटा आला, कुठे कंटाळा आला, काळ बदलल्याचे प्रथम केव्हा जाणवले आणि कशावरून जाणवले. ही वाक्ये नंतर बदलू नयेत. तंत्राचा परिणाम काय झाला याचा एवढाच अस्सल पुरावा आपल्या हाती असतो, आणि तिसऱ्यांदा पाहिल्यावर तो पुसला जातो.

दुसरी पायरी: दोन घड्याळांची नोंद

आता वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. डाव्या रकान्यात पडद्यावरील वेळ लिहावी, म्हणजे ०:०० पासून पुढे मिनिटे आणि सेकंद. उजव्या रकान्यात त्या क्षणी कथा कोणत्या काळात आहे ते लिहावे. वर्ष सांगितलेले नसेल तर ‘आजोबांचा काळ’, ‘आजचा काळ’, ‘कोणता ते कळत नाही’ असे लिहिले तरी चालते. ही शेवटची नोंद फार मोलाची ठरते. प्रेक्षकाला काळ कळू न देणे हीसुद्धा दिग्दर्शकाची निवड असते, आणि ती अवस्था किती सेकंद टिकवली आहे हे मोजता येते.

ज्या खुणेवरून काळ ओळखला ती खूणही शेजारी लिहावी. कोणी संवादातून सांगितले, निवेदनातून कळले, अक्षरे उमटली, की वस्तूंवरून समजले? वस्तूंच्या बाबतीत इथे थोडी चौकसपणाची गरज आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या लघुपटात भूतकाळातील तरुण गल्लीतून चालत जातो तेव्हा कडेला उभ्या असलेल्या दुचाकीची पाटी क्षणभर दिसते आणि तिच्यावर एमएच-१३ असे स्पष्ट वाचता येते. सोलापूरची ही ओळख आता आपल्या अंगवळणी पडली आहे, परंतु ही क्रमांकपद्धती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची आहे, त्यामुळे १९८२ च्या दृश्यात ती पाटी असायला नको होती. याउलट, नातू भूतकाळातून खिशात घेऊन आलेले पंचवीस पैशांचे नाणे आजच्या दुकानदारासमोर ठेवतो हा शॉट अगदी नेमका आहे, कारण पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. दुकानदार एक शब्दही न बोलता नाणे बोटाने परत सरकवतो आणि तेवढ्यावरून काळातील अंतर कळते.

तिसरी पायरी: शॉटची यादी आणि सरासरी

प्रत्येक शॉटला क्रमांक द्यावा आणि त्यापुढे सुरुवातीची वेळ, लांबी, कॅमेऱ्याचे अंतर, कॅमेरा हलतो की स्थिर, मुख्य आवाज एवढेच लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. अकरा मिनिटांच्या लघुपटासाठी साधारण तीन तास लागतात.

यादी तयार झाली की शॉटची सरासरी लांबी काढता येते: एकूण सेकंदांना शॉटच्या संख्येने भागावे. आमच्या उदाहरणात श्रेयनामावली वगळता ६३० सेकंद आणि ८४ शॉट होते, म्हणजे सरासरी साडेसात सेकंद. हा आकडा घेऊन कोणी निष्कर्ष काढू लागला तर तो चुकेल. मी विद्यार्थ्यांना ती यादी काळानुसार विभागायला सांगितली तेव्हा आजच्या काळातील ५२ शॉटनी २६० सेकंद घेतल्याचे दिसले, म्हणजे प्रत्येकी पाच सेकंद. आजोबांच्या काळातील २० शॉटनी ३०० सेकंद घेतले, म्हणजे प्रत्येकी पंधरा सेकंद. आणि उरलेले १२ शॉट प्रवासाचे होते, ज्यांना मिळून ७० सेकंद लागले. साडेसात सेकंदांची लय लघुपटाच्या कोणत्याच भागात नव्हती. आजचा काळ तुकड्यातुकड्यांत येतो आणि भूतकाळात कॅमेरा तिप्पट वेळ थांबतो, हे कळल्यावर त्या मुलाला तिथून परत यायचे नाही हे कोणत्याही संवादाशिवाय आपल्याला का जाणवले होते, याचा उलगडा झाला.

चौथी पायरी: सांधा

इथे घाई करू नये. काळ बदलतो तो प्रत्येक कट शोधून त्याच्या आधीच्या दोन सेकंदांची आणि नंतरच्या दोन सेकंदांची एकेक फ्रेम पाहावी. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने असेल तर अशा प्रत्येक सांध्यासाठी ९६ फ्रेम पाहाव्या लागतात. मोबाइलवरील चित्रीकरण बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचे असते, त्यामुळे तिथे ही संख्या १२० होते.

सांध्यात काय बघायचे? पहिल्या शॉटच्या शेवटी नजर चौकटीत कुठे आहे आणि दुसऱ्या शॉटच्या सुरुवातीला ती कुठे जाऊन पडते, हे आधी पाहावे. आमच्या लघुपटात तरुणाचा हात धोट्यावर ठेवलेला आहे. शॉट ३१ मध्ये तो हात चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आहे, त्याच्या मनगटावर डिजिटल घड्याळ आहे, आणि धोट्यावर धुळीचा थर आहे. शॉट ३२ मध्ये त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराचा, त्याच दिशेने वळलेला हात धोट्यावर आहे, परंतु मनगट रिकामे आहे आणि धोट्याचे लाकूड वापराने चकचकीत झालेले आहे. दोन्ही हात वेगळ्या माणसांचे आहेत हे कळायला प्रेक्षकाला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात चाळीस वर्षे ओलांडली जातात. आकार आणि जागा सारखी ठेवून केलेल्या अशा कटला मॅच कट म्हणतात. यंत्र नाही, धूर नाही, लखलखाट नाही. कट एवढेच साधन, आणि म्हणून त्याच्या आसपास काय सारखे ठेवले आणि काय बदलले याची यादी करणे हेच सांध्याचे विश्लेषण.

मॅच कटखेरीज इतरही सांधे असतात. एक चित्र दुसऱ्यात विरघळत जाते तो डिझॉल्व्ह; त्यात दोन काळ काही क्षण एकाच चौकटीत एकत्र नांदतात, त्यामुळे आठवण आणि प्रवास यांतील सीमा पुसट होते. पडदा काळा होऊन पुन्हा उजळतो तो फेड. त्यात मध्ये किती काळ गेला हे प्रेक्षकावर सोपवले जाते. फीत उलटी चालवण्याची युक्ती तर चित्रपटाइतकीच जुनी आहे: आद्य फ्रेंच चित्रपटकार ल्युमिएर यांची १८९६ मधील भिंत पाडण्याची छोटी फीत उलट दिशेने दाखवली जाई आणि कोसळलेली भिंत पुन्हा उभी राही.

‘ला जेते’मध्ये सांध्यांचा वापर सर्वांत खोलवर गेलेला आहे. चित्रेच स्थिर असल्यामुळे काळ पुढे सरकल्याची जाणीव फक्त कट आणि डिझॉल्व्ह यांतूनच होते. त्यातील झोपलेल्या स्त्रीचे दृश्य अवश्य फ्रेम-फ्रेम करून पाहावे. तिच्या चेहऱ्याची एकामागून एक छायाचित्रे एकमेकांत विरघळतात, पाखरांचा किलबिलाट वाढत वाढत कानाला टोचू लागतो, आणि मग संपूर्ण लघुपटातील एकमेव हलते चित्र येते: ती डोळे उघडते आणि आपल्याकडे पाहते. काही सेकंदांतच कठोर कट होऊन प्रयोग करणाऱ्या माणसाचा स्थिर चेहरा समोर येतो. हा कट आपल्याला का बोचतो, याचे उत्तर त्याच्या आधीच्या डिझॉल्व्हमध्ये आहे. हळूहळू विरघळणाऱ्या चित्रांची सवय लागलेली असते, त्यातून हालचाल जन्मते, आणि ती नुकतीच जन्मलेली असतानाच कापली जाते. सांध्याचा परिणाम त्याच्या आधीच्या सांध्यांवर अवलंबून असतो, म्हणून एकटा कट काढून त्याच्यावर लिहू नये. त्याआधीचे किमान पाच सांधे सोबत घ्यावेत.

पाचवी पायरी: चित्र झाकून ऐकणे

पडदा झाकावा आणि लघुपट फक्त ऐकावा. नंतर आवाज बंद करून फक्त पाहावा. या दोन फेऱ्यांत जेवढे सापडते तेवढे क्वचितच इतरत्र सापडते.

ऐकताना मुख्य प्रश्न असा की आवाज कटच्या आधी बदलतो, कटच्या क्षणी बदलतो, की कट झाल्यावरही जुनाच आवाज चालू राहतो. पुढच्या दृश्याचा आवाज आधी येतो त्या सांध्याला संकलक जे-कट म्हणतात आणि मागचा आवाज पुढे रेंगाळतो त्याला एल-कट. विद्यार्थिनीच्या लघुपटात शॉट ३१ चालू असताना, माग बंद आहे आणि त्यावर धूळ आहे हे दिसत असतानाच, मागाची खटखट ऐकू येऊ लागते. चित्रात चाळीस वर्षे मागे जाण्यापूर्वी सहा सेकंद कान मागे गेलेले असतात. परतीच्या प्रवासात याच्या उलट केले आहे. तरुण आजच्या खोलीत परत आलेला दिसतो, पण खटखट थांबत नाही, ती त्याच्या आईच्या हाकेखाली हळूहळू दबत जाते. पूर्व भागात लहानपण गेलेल्या आमच्या गटातील एका मुलाने सांगितले की गल्लीतले माग थांबले की त्याला झोपेतून जाग येत असे, कारण तिथे शांतता हीच अनोळखी गोष्ट होती. त्याच्या या अनुभवामुळे लघुपटातील शेवटची शांतता किती लांब आहे हे आम्ही मोजले. ती चौदा सेकंदांची होती आणि पहिल्या फेरीत आमच्यापैकी कोणीही ती नोंदवली नव्हती.

‘ला जेते’ ऐकण्याचा अनुभव सोलापूरच्या श्रोत्यांना वेगळ्या अर्थाने जवळचा वाटतो. निवेदन फ्रेंचमध्ये आहे आणि प्रयोगाच्या दृश्यांत जर्मन कुजबुज ऐकू येते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडत वाढलेल्या माणसाला न समजणाऱ्या भाषेतला सूर ओळखायची सवय असते. एका फेरीत उपशीर्षके बंद करून ऐकल्यावर गटातील सर्वांनीच निवेदनाचा शांत, अलिप्त स्वर आणि कुजबुजीतील धाक यांतला फरक टिपला. हृदयाचे ठोके कोणत्या दृश्यात सुरू होतात आणि कोणत्या सांध्यावर थांबतात याची नोंदही याच फेरीत करावी.

सहावी पायरी: प्रकाश, रंग आणि सावली

भूतकाळ तांबूस-पिवळा आणि वर्तमान निळसर दाखवण्याची पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यावर परिच्छेद खर्च करण्यात अर्थ नाही. एका वाक्यात नोंद करावी आणि पुढे जावे. त्याऐवजी प्रकाश कुठून येतो ते पाहावे. पिवळ्या दिव्याचा प्रकाश साधारण ३२०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाची रंगछटा मोजण्याचे एकक) आणि दिवसाचा प्रकाश साधारण ५६०० केल्विनचा धरतात. दोन्ही एकाच चौकटीत असतील तर कॅमेरा कोणत्या प्रकाशाला पांढरा मानतो त्यावरून दिग्दर्शकाने प्रेक्षकाला कोणत्या काळात बसवले आहे हे कळू शकते.

सावली मात्र बारकाईने तपासावी, कारण ती खोटे बोलत नाही. सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, तर डिसेंबरात भर दुपारीही ती उत्तरेकडे लांबते. एकाच दुपारच्या घटना म्हणून दाखवलेल्या दोन शॉटमध्ये सावल्यांची लांबी वेगळी असेल तर ते वेगवेगळ्या वेळी चित्रित झाले आहेत हे उघड होते. सामान्य चित्रपटात ही चूक ठरते. कालप्रवासाच्या चित्रपटात ती सहेतुक असण्याची शक्यता असते, म्हणून लगेच निकाल देऊ नये. तशीच विसंगती आणखी कुठे आहे का ते शोधावे. ती दोन-तीनदा, त्याच पात्रासोबत आढळली तर तिला अर्थ आहे असे मानता येते.

सातवी पायरी: पुन्हा आलेला क्षण

अशा लघुपटांत एखादी घटना बहुधा दोनदा दिसते, पहिल्यांदा अर्थ न कळता आणि दुसऱ्यांदा अर्थासह. दोन्ही दृश्यांचे शॉट समोरासमोर लिहून काढावेत. ‘ला जेते’ची सुरुवात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरील धक्क्यावर होते, जिथे एक मुलगा स्त्रीचा चेहरा आणि एका माणसाचा मृत्यू पाहतो, शेवटी लघुपट त्याच धक्क्यावर येतो आणि तो मरणारा माणूस कोण हे कळते. सुरुवातीला आपण मुलाच्या आठवणीतून पाहतो आणि शेवटी धावणाऱ्या माणसासोबत असतो. तीच जागा, तीच माणसे, पण कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे हे बदलले आहे. तुलना करताना हाच प्रश्न आधी विचारावा.

त्याच लघुपटात कापलेल्या प्रचंड वृक्षाच्या खोडासमोरचे दृश्य आहे. खोडाच्या वलयांवर ऐतिहासिक तारखा लावलेल्या आहेत आणि नायक खोडाच्या बाहेर, हवेत, बोट दाखवून आपण तिथून आलो असे सांगतो. हे दृश्य १९५८ च्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटातील तशाच दृश्याला दिलेला प्रतिसाद आहे. संदर्भ ओळखता आला तर चांगलेच, पण तेवढ्यावर थांबू नये: भविष्यकाळ दाखवण्यासाठी चौकटीतील रिकामी जागा वापरली आहे, हे तंत्र संदर्भ माहीत नसलेल्यालाही दिसू शकते.

आठवी पायरी: लिहिणे

आता वहीत पन्नासेक नोंदी असतील. त्यांतील चार किंवा पाच निवडाव्यात, बाकीच्या सोडून द्याव्यात. प्रत्येक निरीक्षण लिहिताना वेळ, साधन आणि परिणाम ही तिन्ही एकाच वाक्यात किंवा लगतच्या दोन वाक्यांत यावीत. ‘ध्वनीचा वापर अतिशय प्रभावी आहे’ असे वाक्य आमच्या गटातील पहिल्या मसुद्यात सात वेळा आले होते. ते असे सुधारले: ‘३ मिनिटे ४० सेकंदांपासून बंद मागाच्या चित्रावर चालू मागाचा आवाज येतो, त्यामुळे कट होण्याआधी सहा सेकंद प्रेक्षक दोन काळांत एकाच वेळी असतो.’ दुसरे वाक्य वाचणारा स्वतः जाऊन खात्री करू शकतो.

हेतूविषयी लिहिताना जपावे. शॉट ५८ मध्ये आजोबांच्या खोलीतील दिवा मंद होत विझतो आणि पुढचे नऊ सेकंद चौकट फक्त कौलांमधल्या उजेडावर उरते. मी माझ्या टिपणात लिहिले होते की दिग्दर्शिकेने भूतकाळ विझत चालल्याचे सुचवण्यासाठी हे केले. टिपण वाचून दाखवल्यावर ती म्हणाली की त्या वेळी लाईट गेली होती आणि नट थांबला नाही म्हणून तिने कॅमेराही थांबवला नाही. मी वाक्य बदलले: ‘दिवा विझतो तेव्हा भूतकाळ हातातून निसटत असल्याचा परिणाम साधतो.’ तो शॉट तिने संकलनात ठेवला होता, आणि ठेवणे हा निर्णय तिचाच होता. म्हणून माहीत नसताना ‘मुद्दाम’, ‘जाणीवपूर्वक’, ‘सुचवण्यासाठी’ हे शब्द खोडावेत आणि त्या जागी पडद्यावर काय दिसते आणि त्यामुळे काय घडते एवढेच लिहावे.